दिवसा सांगितलेली गोष्ट

कुशाबाई : मिट ते पुस्तक, रतन! आदी मिट!

रतन : आई, परवा पेपर आहे माझा. सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक कसल्या कसल्या गोष्टी सांगायचे, त्याचाच. साधूंच्या, कोल्ह्या-कोंबड्याच्या, चावट, सरदारांच्या...

कुशाबाई : अन् त्या समद्या दिवसाउजेडी माझ्याम्होरं सांगितल्यास! दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, ठावं न्हाय तुला?

रतन : तूच म्हणालीस ना, शेंगा फोडता फोडता सांग म्हणून?

कुशाबाई : चुकलं माझं! मला वाटलं, विंग्रजी गोष्टीला कुठला आलाय मामा! सकाळीच पोचनार हुता हिंदुराव. दुपार कलली.

रतन : येईल गं. मामानंच कॉलेजात घातलं मला, परीक्षेला पुण्याला न्यायला तो चुकेल होय? नाव उशिरा सुटली असेल.

गेणबा : (दारातून) कुशावैनी, हायसा का?

कुशाबाई : गेणबा भावजी! नरसिंगपुरास्नं आलासा न्हवं? माझा भाऊ दिसला का नावंवर?

गेणबा : न्हाय दिसला. घाबरू नगासा, पन... सकाळची नाव धारंला लागली. लई खाली व्हात गेली. मानसं कुठं लागली, अजून कळंना.

कुशाबाई : अगं आई गं! एकुलता एक भाऊ माझा!

रतन : मामा होता का त्या नावेत?

गेणबा : कुनाला ठावं, पोरी. मी गाडी जुपून माघारी जातो. काठाकाठानं बघतो.

कुशाबाई : जावा, पळा! ...रतन, तुझा सरदार कुठवर आलावता?

रतन : कोण?

कुशाबाई : गोष्टीतला! मी पुस्तक मिटाय लावलं, तवा कुठं हुता?

रतन : रानात. वाट चुकला होता.

कुशाबाई : तितं नगं ठिवू त्याला. घरी आन. त्यो बी कुनाचा तरी मामा आसंल.

रतन : पुस्तकात तो येत नाही गं घरी. रानातच मरतो. तसंच लिहायचं असतं.

कुशाबाई : पेपरात लिव्ह काय लिव्हायचं ते. हितं मरू दिऊ नगं.

रतन : न्हाय मरू दिनार, आई. ...ऐक. सरदार निघाला. म्होरं नदी लागली.

कुशाबाई : खोल?

रतन : न्हाय. उतार हुता. घोडं पार झालं.

कुशाबाई : मग?

रतन : मग लांबनं भनीचं घर दिसलं. भिजलावता, काकडत हुता, पन धडधाकट. दारात हुबा ऱ्हाऊन म्हनला, "आक्का, भूक लागलीया."

कुशाबाई : सरक. तवा ठिवते.