उंबऱ्यावरचा ऊद

(साल १९८४. मंगळवार पेठेतलं लालासाबचं घर. शोभेची दारू करणाऱ्यांचं घर म्हणून साऱ्या गल्लीला ठाऊक. परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर आज सकाळी कसबा बावड्याच्या नव्या खोलीची तपासणी झाली, आणि फिसकटली. दुपार कलती. सोप्यात लालासाब, त्याची बायको हुसेनबी, आणि खोलीसाठी आपल्या रानातला तुकडा देणारे बापूसो.)

बापूसो — आन् तुमी सरळ ‘मी’ म्हणून मोकळं झालासा! साहेबानं परत परत इचारलं, “आत निखारा कुणी आणला?” मी तितंच हुतो की लालाभाई.

लालासाब — मग काय सांगायचं हुतं? निखारा आपल्या पायानं चालत आला म्हणून?

बापूसो — चेष्टा नगं. साहेब माणूस वाईट न्हवता. दार भाईर उघडतंय का बघितलं, वाळूच्या बादल्या बघितल्या, आत लोखंडाचा एक खिळा गावला न्हाय त्येला. “झकास काम केलंय मिस्त्री,” म्हणाला. सहीला पेन काढलं...

लालासाब — आन् नाक वर केलं.

बापूसो — वास आला त्येला! दाराआड बघतोय तर धुपाटणं. हात लावला तर अजून गरम.

हुसेनबी — मीच ठिवलंतं. पहाटं बावड्यापतोर चालत गेलते. नव्या उंबऱ्याला ऊद फिरवल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाय, आमच्यात तशी रीतच हाय.

बापूसो — अवो वैनी, पर ती दारूची खोली!

हुसेनबी — दारू कुठं हुती आत? रिकामीच हुती की. भरल्याल्या खोलीत निखारा न्यायला मी काय खुळी हाय व्हय?

बापूसो — रिकामी हुती म्हणून तर निभावलं. खरं जीपमधी बसता बसता साहेब मला काय म्हणाला ऐका. “कारागीरच निखारा घिऊन आत जात असंल तर मी कुठल्या तोंडानं परवाना देऊ? घरच्या दुसऱ्या कुणी न कळून केलं असंल, तर तसं लेखी आणा. उद्या सकाळपतोर सर्किट हौसला हाय मी.” म्हणून हे लिवूनच आणलंय. वैनींचा एक अंगठा, बास. काम फत्ते.

लालासाब — न्हाय.

बापूसो — काय न्हाय?

लालासाब — अंगठा न्हाय.

बापूसो — अवो, डोसकं फिरलं का तुमचं? चैतात वाडीची जत्रा हाय. हंबीरराव पंचानं गेल्याच बाजारी सांगितलंय, परवाना असंल तर लालासाबचं दारूकाम, नसंल तर शिवकाशीचा माल आणणार. एकदा का खोक्यातला माल पालखीम्होरं उडाला, की तुमाला परत कोण बोलवतंय?

लालासाब — ठावं हाय मला. आज्यापास्नं तितं आमचंच नळं आन् आमचंच बाण. मला कशाला सांगतासा?

बापूसो — मग? आमच्यात फटाका उडवणं पाप, किड्यामुंगीचा जीव जातो म्हणून. मी जलमात फुलबाजी धरली न्हाय हातात. तरी जागा दिली. आई अजून जेवताना टोमणं मारती. कशापायी केलं हे सगळं?

लालासाब — तुमचं उपकार हाईतच बापूसो. खरं हिचा अंगठा एकदा घेतल्याला, बास झाला.

बापूसो — कवा घेतला?

हुसेनबी — जाऊ द्या वो. कशाला उकरून काढतासा.

लालासाब — ऐकू दे त्यास्नी. नबीलाल गेला तवा, बापूसो. माझा पोरगा.

बापूसो — भाजून गेला, एवढं ठावं हाय.

लालासाब — ह्याच सोप्यात. आब्बांच्या येळंपास्नं घरातच दारू कुटायची रीत. हितं दारू, तितं चूल, मधी गोणपाटाचा पडदा. कायदा तवा बी हुताच की, माझ्याच डोसक्यात न्हवता. पंचनामा झाला. पोराला अजून माती दिली न्हवती, आन् हिच्यापुढं कागद. ‘चूल आईनं पेटवली.’ हिचा अंगठा उमटंना. हवालदारानं बोट धरून दाबलं.

हुसेनबी — चूल मीच पेटवलती. त्यात खोटं काय हुतं?

लालासाब — खोटं न्हवतं गं. मला दंड झाला, मी भरला आन् सुटलो. तू कुठं सुटलीस? अजून चुलीपुढं बसलीस की पडद्याकडं बघतीस. पडदा जाऊन जमाना झाला.

बापूसो — मला ह्यातलं काय बी म्हाईत न्हवतं, वैनी.

हुसेनबी — तुमी कशाला वाईट वाटून घेतासा. शाई आणलीसा न्हवं? द्या हिकडं. दार जड हुतंय, पितळंच्या बिजागऱ्या पायजेत, लोखंडाची ठिणगी पडती म्हणालं हे. माझ्या माहेरचा हंडा मोडला त्यापायी. आता एका अंगठ्यासाठी अडून बसायचं व्हय? खरं आदी वाचा, काय लिवलंय.

बापूसो — वाचतो. “मी, हुसेनबी लालासाब, लिहून देते की, सदर खोलीत निखारा माझ्या अज्ञानामुळे व नजरचुकीने नेला गेला. पुन्हा अशी चूक होणार नाही.”

हुसेनबी — नजरचूक कसली? चांगलं डोळं उघडं ठिवून नेलाय मी. ह्या घरानं माझं लेकरू घेतलं. त्या खोलीनं कुणाचं घिऊ नये, उद्या कामाला कुणाची बी पोरं येतील, म्हणून फिरवला ऊद. तसं लिवा.

बापूसो — वैनी, तसं लिवून चालत न्हाय. सरकारला चूक झाली म्हणूनच सांगावं लागतंय.

हुसेनबी — त्यास्नी बी कुणी मरू नये असंच वाटतंय न्हवं? वाळूच्या बादल्या त्येच्यासाठीच हाईत की.

बापूसो — हाईत. खरं वाळू नियमात हाय, ऊद नियमात न्हाय. काय करणार?

हुसेनबी — मग ऱ्हाऊ द्या. चूकच म्हणा. त्या बारीला बी माझीच, ह्या बारीला बी माझीच. धरा बोट.

लालासाब — हात माघारी घे.

हुसेनबी — अवो, पर जत्रा...

लालासाब — हात माघारी घे म्हणतो न्हवं! पोराच्या नावानं फिरवलेला ऊद, त्येला चूक म्हणून अंगठा लावायचा? मग तो परवाना मी कुठल्या भिंतीला टांगू? बापूसो, राग मानू नका. तो कागद फाडा.

बापूसो — परत इचार करा, लालाभाई. नव्यानं अर्ज करायचा म्हंजे परत नकाशा, परत पोलिसांचा दाखला. तवर तुमची उमेद ऱ्हाईल का?

लालासाब — न्हाय ऱ्हायाची. आत्ताच न्हाय. दमलो बापूसो मी. त्या खोलीत तुमची पेंड ठिवा, बी-बियाणं ठिवा. कोरडी खोली हाय, माल चांगला ऱ्हाईल. बिजागऱ्या तेवढ्या काढून आणतो, हिचा हंडा परत व्हईल.

हुसेनबी — हंड्याचं मरू द्या. चैतात पालखी निघंल, तवा काय करणार तुमी?

लालासाब — जाऊ की. चार लोकांत हुभं ऱ्हाऊन बघू.

हुसेनबी — तुमास्नी बघवंल दुसऱ्याचं दारूकाम?

लालासाब — दुसऱ्याचं कशाला, माझं तरी मी कुठं बघितलंय? समदी जत्रा मान वर करून बघायची, आन् मी खाली बसून वात बघत हुतो. ह्या साली तुझ्याशेजारी हुभा ऱ्हातो. कुठं बघायचं ते तेवढं सांग मला.