कातडं कोणी घासलं

सुनंदाबाई : आधी बसा तर खरं.

अमरदीप : बसायला नाय आलो, बाई. मिरजोळ्याच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून थेट शाळेत आलोय. रसिकाला घरी न्यायचीय. उद्याच्या खेळात ती नाय.

सुनंदाबाई : अहो, उद्या संध्याकाळी खेळ आणि आज सांगताय? निदान कारण तरी कळू दे.

अमरदीप : काल जेवताना तिची आई म्हणाली, पोरी, हाताला कसला गं वास? तर म्हणते, बकऱ्याचं कातडं घासलं, सावलीच्या बाहुल्यांसाठी. आमी समजलो पोरं पुठ्ठे कापतायत.

सुनंदाबाई : पुठ्ठ्याची सावली नुसती काळी पडते. कातडं घासून पातळ केलं की आरपार उजेड येतो, पडद्यावर रंग दिसतात. कोकणातले जुने कलाकार असंच करतात. मी त्यांच्याकडे जाऊन शिकले आणि आता मुलांना शिकवते. यात कमीपणा कसला?

अमरदीप : तुमाला नायच वाटायचा. माझा आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली धम्म घेतला आणि खोताच्या खळ्यात उभा राहून सांगून आला, यापुढं नाय. गावानं कामाला बोलवायचं बंद केलं. घरात नुसती पेज असायची, पण परत हात लावला नाय. आणि त्याची पणती तुमच्या शाळेत कातडं घासतेय.

सुनंदाबाई : हे मला ठाऊक नव्हतं. पण मी जात बघून काम दिलं नाही, एवढा विश्वास ठेवा. मुलांना म्हटलं, ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं.

अमरदीप : मग घासायचं कोणी घेतलं?

सुनंदाबाई : रसिकानं. आणि संदेशनं.

अमरदीप : संदेश आमच्याच बौद्धवाडीतला. बाकीच्या पोरांनी काय घेतलं?

सुनंदाबाई : रंगवायचं. पडद्याचं. गाण्याचं.

अमरदीप : आणि तुमच्या ध्यानात नाय आलं?

सुनंदाबाई : नाही आलं. कामं भराभर वाटली गेली, मला बरंच वाटलं.

(रसिका आत येते. हातात काठीला बांधलेली खवले मांजराची बाहुली.)

रसिका : पप्पा, मी नाही येणार घरी. हे बघा तरी. एकेक खवला मी टोच्यानं पाडलाय. दिव्यापुढे धरला की सगळं अंग चमकतं.

अमरदीप : ठेव ते.

रसिका : बाई, तुम्ही सांगा ना यांना.

अमरदीप : बाई काय सांगणार? तुझ्या पणज्यानं जे टाकलं ते तू उचललंस.

रसिका : त्यांना गाव करायला लावायचा. मला कोणी लावलं नाही. मी माझ्या मनानं घेतलं.

अमरदीप : बरं. तुझ्या वर्गातल्या त्या स्वरूपनं का नाय घेतलं?

रसिका : त्याला वास सहन होत नाही.

अमरदीप : आणि ती पोरगी, संस्कृती?

रसिका : तिलाही नाही होत.

अमरदीप : तुला होतो?

रसिका : काम तर कोणीतरी करायलाच हवं होतं ना.

अमरदीप : बाय, मी काय इचारतोय?

रसिका : नाही होत. पहिल्या दिवशी उलटी झाली मला. नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत बसले.

सुनंदाबाई : अगं, मग मला का नाही सांगितलंस?

रसिका : संस्कृती म्हणाली, तुमच्याकडे सवय असते. सगळे हसले. मीपण हसले. आमच्या घरात तर कोणी कधी कातडं पाहिलेलंसुद्धा नाही, बाई.

अमरदीप : चल. दप्तर घे.

सुनंदाबाई : थांबा. चुकलंय ते माझं, तिला का शिक्षा? उद्या सकाळी मी सगळ्यांना बोलावते. सगळे घासतील, मीसुद्धा बसेन.

रसिका : काय घासणार, बाई? सगळं घासून झालंय.

अमरदीप : आणि ही बाहुली उद्या नाचवणार कोण?

सुनंदाबाई : स्वरूप. त्याचा आवाज मोठा आहे म्हणून. शिकाऱ्याची बाहुली संस्कृतीकडे.

अमरदीप : रसिका काय करणार?

सुनंदाबाई : दिवा धरणार होती.

अमरदीप : बघा. घासायचं हिनं, नाचवायचं त्यानं.

सुनंदाबाई : रसिका, खवले मांजर तूच नाचव. स्वरूपला काय सांगायचं ते मी सांगते.

रसिका : पप्पा भांडले म्हणून देताय?

सुनंदाबाई : हो. ते आले नसते तर मला दिसलंच नसतं. खोटं कशाला बोलू?

रसिका : पप्पा, तुम्ही म्हणाल तर मी आत्ता येते. पण मग उद्या हे स्वरूपच्या हातात जाईल. मला ते नको आहे.

अमरदीप : तुझी आई कालपासून धड जेवली नाय. तिला जाऊन काय सांगू?

रसिका : उद्या बघायला ये म्हणावं.

अमरदीप : काय बघायचं तिनं? तू पडद्यामागं. लोकांना नुसती सावली दिसणार.

रसिका : मग काय करू?

अमरदीप : खेळ संपला की पडद्यापुढं यायचं. नाव सांगायचं. आडनावासकट.

रसिका : आणि कातडं कोणी घासलं, ते?

अमरदीप : ते बाई सांगतील.