टाचा उंचावलेली गाडी

बायको : पुरे करा ते पुसणं. आता रंग निघून फडक्याला येईल.

नवरा : येऊ दे. तुझे दादा येतायत.

बायको : दादा गाडी बघायला येतोय, तिच्यात बघून भांग पाडायला नाही.

नवरा : अगं, ज्या माणसानं ही गाडी रॅलीत खरीखुरी पळवली, तो माणूस इतक्या दिवसांनी घराबाहेर पडतोय. आणि तेही कशाला, तर तिची मी केलेली नक्कल बघायला. एकदा ते त्या सीटवर बसले आणि 'जमलंय' म्हणाले, की मी सुटलो. मग उद्या मोटार क्लबच्या प्रदर्शनात शेवटचा नंबर आला तरी चालेल.

बायको : चालेल म्हणे! काल झोपेत भाषण ठोकत होतात. 'सन्माननीय परीक्षकहो' काय, न् काय काय.

नवरा : तू ऐकलंस?

बायको : टाळ्यासुद्धा तुम्हीच वाजवल्यात.

नवरा : जन्म वजनमापे खात्यात गेला. सगळ्या बाजाराची मापं तपासली, माझं कुणी तपासलं नाही. उद्या तपासतील. क्लबचे सेक्रेटरी म्हणालेत, तुमची गाडी आली की आम्ही टेप घेऊनच पुढे येऊ.

बायको : येऊ देत की! तुम्ही मोजायचं काय बाकी ठेवलंय? माझ्या माहेरून दादाच्या गाडीचा फोटो भिंतीवरून उतरवून आणलात आणि भिंग घेऊन त्याच्यापुढे पालथे पडलात. माझा फोटो कधी एवढा बघितला नाहीत.

नवरा : तुझ्या फोटोत नंबरप्लेट नव्हती.

बायको : काय?

नवरा : नंबरप्लेटची लांबी ठाऊक असली की बाकी सगळी मापं हिशेबानं काढता येतात.

बायको : त्या हिशेबात माझं जेवणाचं टेबल गेलं. बॉनेटचा साचा त्याच्यावर काढलात, तो अजून सुटत नाहीये. एवढे दिवस आपण बॉनेटवर जेवतोय, कळतंय का तुम्हाला?

नवरा : फायबर चिकट असतं गं. पण इंजिन मात्र अस्सल आहे.

बायको : हो, लाँड्रीवाल्याच्या टेंपोचं अस्सल.

नवरा : हळू बोल. फाटकाशी टॅक्सी थांबलीय.

बायको : आला! दादा, सांभाळून हं, तिथं पायरी आहे.

दादा : दिसतेय, ठमे. गुडघे गेलेत, डोळे नाही गेले. काय मेहुणे, ही का ती?

नवरा : ही ती.

दादा : हं.

नवरा : 'हं' म्हणाले.

बायको : ऐकलं मी.

दादा : लाल रंग जमलाय. पुढचे दिवे जमलेत. दारावरचा आकडासुद्धा तिरका काढलात? वा! तो मी निघायच्या घाईत रंगवला होता, म्हणून तिरका आला होता.

नवरा : मला पुसून पुसून तिरका करावा लागला, दादा. सरळच यायचा. सरकारी हात.

दादा : आणि हे काय?

नवरा : कुठे?

दादा : खाली. ही अशी का उभी आहे? वरच्या फळीवरचा डबा काढायला टाचा उंच कराव्या तशी?

नवरा : छे छे, मापात आहे ती. फोटोत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा दिसते. तेवढी यावी म्हणून स्प्रिंगा मुद्दाम करवून घेतल्या. स्प्रिंगवाला विचारत होता, ट्रॅक्टर करताय का.

दादा : मेहुणे, फोटोत गाडी कुठे आहे?

नवरा : रॅलीत.

दादा : रॅलीत कुठे?

नवरा : चढ संपतो तिथे. झेप घेतलीय तुम्ही. चारी चाकं अशी...

दादा : जमिनीवर आहेत?

नवरा : नाहीत.

दादा : गाडी हवेत गेली की चाकांवरचा भार जातो, आणि चाकं लोंबतात. खाली आली की ती पुन्हा पोटात घेते. माझी गाडी उभी असली की पोटाखालून मांजर जात नसे. हिच्याखालून शेळी जाईल, कानसुद्धा न वाकवता.

बायको : म्हणजे हवेतली गाडी यांनी दारात उभी करून ठेवलीय?

नवरा : तसंच दिसतंय.

बायको : अगं बाई!

नवरा : हस, मोकळेपणानं हस. जन्मभर वाण्यांना दम देत फिरलो, तराजू स्थिर झाल्याशिवाय वजन सांगायचं नाही म्हणून. आणि स्वतः उडत्या गाडीचं माप घेतलं. एकाही वाण्याला हे सुचलं नसतं.

दादा : मला एकदा विचारायचं होतंत.

नवरा : विचारलं असतं तर तुम्हाला आश्चर्याचा धक्का कसा बसला असता?

दादा : बसला की.

नवरा : थांबा, अजून वेळ गेलेली नाही. फिटरला फोन लावतो. हॅलो, कोण, फिटर का? मी बोलतोय. संध्याकाळी हत्यारं घेऊन या. स्प्रिंगा कापायच्यात. हो, चारी. हो, तुम्ही तेव्हा म्हणालाच होतात. बरोबर, मीच गाढव. अहो, इतक्या पटकन 'हो' म्हणू नका!

बायको : झालं समाधान?

नवरा : झालं. दादा, आता चूक कळली, ती सुधारेलही. पण आलाच आहात तर एकदा आत बसून बघा ना.

दादा : नको.

नवरा : सीट तशीच शिवून घेतलीय, तीच शिवण...

दादा : नको म्हटलं ना. बघितली, छान आहे. टॅक्सी थांबवून ठेवलीय मी.

नवरा : असं. म्हणजे इतकी वाईट झालीय.

बायको : अहो, तुम्ही गप्प बसा जरा. दादा, माझ्याकडे बघ. गुडघे ना?

दादा : हे बघ ठमे, मागं लेकीच्या गाडीत बसलो होतो. उतरताना उठताच येईना. तिनं शेजाऱ्याला हाक मारली. येणारे-जाणारे थांबून सूचना करायला लागले. 'आजोबा, आधी डावा पाय.' मला! जो या गाडीत धावत येऊन उडी मारत होता, त्याला! तेव्हापासून गाडी नको आणि बाहेर पडणंही नको. आजची टॅक्सीसुद्धा उंचवाली मागवली, खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं अशी. आणि या गाडीत शिरणं म्हणजे जमिनीवर फतकल मारणं. बसेन कसाबसा, पण मग मला आतच ठेवून दार लावून घ्या.

बायको : पण दादा, ही कुठे खाली आहे?

दादा : म्हणजे?

बायको : बघ की. सीट खुर्चीएवढी आलीय.

दादा : हं.

नवरा : हे 'हं' वेगळं होतं.

बायको : बोलू नका, दार धरा.

दादा : कुणी हात लावायचा नाही मला. ठमे, काठी घे.

(दार लागल्याचा आवाज.)

दादा : स्टीअरिंग फार जवळ घेतलंत, मेहुणे.

नवरा : स्टीअरिंग होतं तिथेच आहे, दादा. पोट जवळ आलंय.

दादा : असेल, असेल. ठमे, त्या बाजूनं ये.

बायको : मी कशाला?

दादा : रस्ता सांगणाऱ्याची जागा रिकामी ठेवून गाडी हलवायची नसते. तो सांगणार, पुढे उजवं वळण, मग उतार. आणि चालवणाऱ्यानं मुकाट्यानं ऐकायचं.

बायको : मुकाट्यानं? आमच्याकडे तसला रिवाज नाही. लग्नाला जायचं होतं तेव्हा मी डावीकडे म्हणत होते आणि हे...

नवरा : जेवणं मिळाली ना तिथेही?

बायको : दुसऱ्यांच्या लग्नात! सरका, येऊ द्या मला. अय्या, इथून कुंपणापलीकडचंसुद्धा दिसतं की!

दादा : खऱ्या गाडीतून पुढच्या गाडीचा धूर तेवढा दिसायचा. क्लच हलका आहे हो. तुमचं इंजिन चालू होतं की तेही फोटोतलंच?

नवरा : होतं, होतं. आवाज मात्र कपडे घेऊन आल्यासारखा येतो.

दादा : येऊ दे. गुडघा वाकताना रडतो, दाबताना नाही. गल्लीच्या टोकापर्यंत नेली असती. पण फिटर येणार म्हणालात ना?

नवरा : संध्याकाळी.

दादा : बरं झालं, मी आधी आलो.

बायको : अहो, स्प्रिंगा कापल्यावर गाडी किती खाली जाईल?

नवरा : वीतभर. म्हणजे अगदी मापात येईल.

बायको : आणि दादा?

दादा : माझं काय मध्येच? नक्कल करायची तर मापातच हवी. उद्या लोक टेप लावणार. कापून घ्या तुम्ही. मी बसलो, हात फिरवला, झालं.

बायको : अहो. ऐकताय ना?

नवरा : हॅलो, फिटर? मीच पुन्हा. येऊ नका संध्याकाळी. नाही, उद्याही नको. विचार बदलला. हो, माहितीय मला, हसतील. टेप लावून हसतील. तुम्हीही हसा, पण फोन ठेवून हसा.

दादा : मेहुणे, हे काय केलंत? तो सेक्रेटरी सोलून काढेल तुम्हाला.

नवरा : काढू दे. फारच विचारायला लागला तर सांगेन, गाडी अजून खाली आलेली नाही.

दादा : उद्या तिथपर्यंत नेणार कोण पण?

नवरा : तुम्ही.

दादा : मी?

नवरा : ही रस्ता सांगेल.

बायको : आणि तुम्ही? सीटा दोनच केल्यात.

नवरा : मी बसनं येतो.