अंजनीचं चित्र मी दुरुस्त केलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर प्रमोद साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आपण निरोप देतोय त्या शलाका मॅडम, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून येऊन डायलिसिसच्या निमित्ताने एकमेकांचे सोयरे झालेले आपण सगळे, तुम्हा सर्वांना कमळाकरचा नमस्कार.

मॅडमनी इथे तीन वर्षं पेशंटकडून चित्रं काढून घेतली. त्याने नेमकं काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही. मग मलाच बोलायला का उभं केलंय? तेही कळलेलं नाही. असो.

मी अंबरनाथला एका कारखान्यात बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. वाकडी रेघ दिसली की हात शिवशिवतो. माझी पत्नी अंजनी, ती बघा, तिसऱ्या रांगेत हसतेय, तिने एका मंगळवारी मशीनवर असताना मोकळ्या हाताने पेन्सिलीचं चित्र काढलं. खाटेवर भलं मोठं माणूस, आणि दारात मुंगीएवढं दुसरं. खाटेवर ती, हे उघडच आहे. म्हणजे दारातला मी! दोन वर्षं हिला बदलापूरहून रिक्षाने आणतोय, पथ्यपाणी सांभाळतोय, आणि मी मुंगीएवढा? खरं सांगतो, रागच आला. घरी गेल्यावर खोडरबर घेतलं, दारातलं माणूस पुसलं, तिथे पॅन्ट-शर्टातला गृहस्थ मापात काढला, आणि सवयीने खाली लिहिलं, 'तपासले'. सही, तारीख.

गुरुवारी अंजनी म्हणाली, "मी येत नाही." शनिवारीही तेच. पाय सुजले, धाप लागायला लागली. डॉक्टर साहेब फोनवर ओरडले, "काका, उद्या आणलं नाहीत तर हाताबाहेर जाईल!" मी धावत शलाका मॅडमचं घर गाठलं. म्हटलं, चित्र तर मी सुधारून दिलं, मग बाई रुसली कशावर? त्या एवढंच म्हणाल्या, "चित्रात कोण आहे, ते त्यांना विचारलंत?"

नव्हतं विचारलं. घरी येऊन विचारलं.

"खाटेवर तुम्ही आहात," अंजनी म्हणाली. "मशीनवर मी असते, पण झोप तुमची उडालीये, जेवण तुमचं सुटलंय. दारात मी उभी होते, तुमच्याकडे बघत. मलाच पुसलंत, आणि वर सही ठोकलीत!"

मंडळी, मी लहान पोरासारखा रडलो. तर हीच म्हणते, "पुरे आता. रिक्षा बोलवा, जाऊ आपण."

आता सांगा, पेशंट कोण? धीर कोण कोणाला देतंय? माझा अजून गोंधळ आहे.

परवा तिने नवीन चित्र काढलंय. नुसते निळे-पिवळे फराटे. म्हटलं, "यात मी आहे का?" तर म्हणे, "शोधा." दोन दिवस चष्मा लावून बसलोय, सापडत नाही.

मॅडम, तुमचे, अध्यक्षांचे आणि इथल्या सर्व सिस्टर-ब्रदरचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. आणि मॅडम, त्या चित्राचं उत्तर जाताना मला सांगू नका. मी तिलाच विचारत राहीन. विचारायला ती समोर असावी, एवढंच मला हवंय.