हॉलंडच्या पोरांना सोनगीरची शेवभाजी

हॉकीचा विषय निघाला की मला आमच्या ढाब्यावरची ती पोरं आठवतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंदूरकडे देशोदेशीच्या तरुण पोरांची स्पर्धा होती. हॉलंडच्या संघाची बस सोनगीरजवळ बंद पडली आणि सगळी उपाशी पोरं माझ्या बाकांवर येऊन बसली. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं बिचाऱ्यांना. ड्रायव्हर म्हणाला, "उद्या यांची मॅच आपल्याच पोरांशी आहे."

शेजारच्या नानांचे डोळे चमकले. "भाऊ, शेवभाजीमा तिखट वाढव. उद्या पळतीन, पन मैदानवर नही!"

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पातेल्यात मूठभर तिखट टाकलंसुद्धा.

पोरं लालबुंद झाली. एक जण तर हापशीभोवती नाचायला लागला. पण ताट कोणी सोडेना! माझी बायको धावत आली. "नाना, लेकरे शेतस त्या!" लेकरंच आहेत ती, असं सुनावत तिने घरातलं होतं नव्हतं तेवढं ताक त्यांना पाजलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं, आपण हरलो. नाना तिच्यावरच उखडले, "वैनी, तुमना ताकनी घात कया!"

ती पदर तोंडाला लावून हसली. "मंग? मन्हा हातनं जेईसन कोणी हारस का?"