डालग्यातले सुभेदार

साळूबाई : आवं, पर तुमी त्यात शिरलासा कशाला?

नाथाजी : हळू बोल. आदी मला बाहीर ओढ.

साळूबाई : सकाळी कोण वराडत हुतं, "ह्ये कोंबड्याचं डालगं माज्या घरात लटकायचं न्हाई" म्हणून? सुनंला टेम्पो आणाय तुमीच धाडली. आन् तिची पाठ फिरली की आत जाऊन बसलासा?

नाथाजी : इन्स्पेक्शन करत हुतो. माल परत धाडायच्या आदी बघाय नगं?

साळूबाई : मग? झालं बघून?

नाथाजी : गुडघं छातीला आल्यात, बूड पार खाली गेलंय. कुठं हात टेकावा तर ह्ये गरागरा फिरतंय. साळू, हसू नगंस. वेत कराकरा वाजाय लागलाय.

साळूबाई : वाजू दे. लडाखच्या बर्फात ऱ्हायलेला गडी वेताच्या खुर्चीत अडकला! शेजारच्या आप्पासोंना हाक मारू का? दोघं मिळून वडू.

नाथाजी : त्याला कळलं तर मला रहिमतपूर सोडाय लागंल!

साळूबाई : मग गप ऐका. अंकिताचं आई-बाप उद्या पयल्यांदा ऱ्हायला येत्यात. म्हणून पोरीनं हौसंनं बैठक सजवली. वेताचा कोच, केळीच्या सोपटाची चटई, ही लटकती खुर्ची. येकाला तरी बरं म्हणलासा?

नाथाजी : चटईला कुठं नाव ठिवलं?

साळूबाई : चिखलाचं बूट घेऊन चाललासा तिच्यावरनं.

नाथाजी : आन् तिनं माजा सोफा गोठ्यात टाकला, त्ये?

साळूबाई : त्याच्या स्प्रिंगा वर आल्यात. बसाय आलेल्या भाऊसोंचं धोतर सोडंना झाला हुता त्यो सोफा. सकाळपास्नं पोरगी सैपाकघरात डोळं पुसत हुती, आन् तुमाला सोफ्याचं पडलंय.

नाथाजी : रडत हुती?

साळूबाई : धुरानं, म्हणली. आपल्यात गॅस हाय.

(बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो.)

नाथाजी : आली! साळू, लवकर हात दे!

साळूबाई : न्हाई देत. आता तुमीच बोला तिच्यासंगट.

अंकिता : आत्या, टेम्पो आलाय. खुर्ची खाली काढायला... अगंबाई! मामा?

नाथाजी : हां. बसलोय.

अंकिता : यात?

साळूबाई : इन्स्पेक्शन चाललंय.

अंकिता : मग... काढायची ना? ड्रायव्हर थांबलाय.

नाथाजी : त्याला चहा पाज आन् लावून दे.

अंकिता : म्हणजे? सकाळी तर तुम्ही म्हणालात की...

नाथाजी : सकाळी मी बसून बघितलं नव्हतं.

अंकिता : आणि आता?

नाथाजी : आता उठवत न्हाई.

अंकिता : खरंच?

साळूबाई : आगदी खरं. मी साक्ष हाय.

अंकिता : मग मी सांगून येते त्याला! आणि मामा...

नाथाजी : काय?

अंकिता : आधी उजवा पाय खाली सोडा. मग दांडी धरून पुढं झुका. काल मीपण अडकले होते.

नाथाजी : ...हुशार हाय पोरगी.

साळूबाई : गेली ती. सोडा पाय. हां, आता झुका. निगालं एकदाचं सुभेदार! सरका बगू जरा.

नाथाजी : तू कुठं निगालीस? आगं, तूबी अडकशील!

साळूबाई : अडकू द्या. तेवढंच घटकाभर बसणं हुईल.