अडीच तास, गुरुवारी

(बेकारी भत्त्याच्या कार्यालयातली तीन नंबरची खिडकी. आत कारकून बाई. बाहेर कापड कारखान्यातून कमी केलेले रंगमास्तर आणि त्यांची बायको. खुर्ची एकच, तिच्यावर बायको बसलेली.)

बाई : आणि हे अक्षर तुमचंच?

मास्तर : माझंच.

बाई : चारही आठवड्यांच्या फॉर्मवर? ‘या आठवड्यात एक तास तरी काम केले का?’ त्यापुढे तुम्ही लिहिलंय, ‘हो. गुरुवारी. अडीच तास.’

मास्तर : पहिल्या आठवड्यात पावणेतीन झाले असतील. निळा रंग अडला होता.

बायको : कसले अडीच तास? गुरुवारी हे नोकरी शोधायला जातात.

बाई : इथे कारखान्याचं नाव आहे, ताई. ज्यांनी यांना कमी केलं त्यांचंच.

बायको : अहो?

मास्तर : घरी गेल्यावर सांगतो.

बायको : आत्ता सांगा.

बाई : मागे रांग आहे काका, पण सांगा. मलाही लिहावं लागेल.

मास्तर : सांगण्यासारखं काय आहे त्यात. आमच्याकडे रंगवलेलं कापड मास्तरने खिडकीच्या उजेडात बघून काठावर सही केल्याशिवाय बाहेर जात नाही. पहिल्यापासूनची रीत आहे. आता मशीन आणलं. ते दिव्याखाली बघतं, त्याच्या लेखी सगळं बरोबर. आणि गिऱ्हाईक विचारतं, काठावरची सही कुठाय? मग माल निघायच्या आधी मला फोन येतो.

बायको : म्हणजे मशीन आणून तुम्हाला घरी बसवलं, आणि मशीनचं निस्तरायला तुम्हीच.

मास्तर : मशीनचं नाही गं. कापडाचं.

बाई : पैसे देतात?

मास्तर : नाही. चहा देतात.

बायको : चहा देतात. आणि मी दर बुधवारी यांच्या शर्टाला इस्त्री करते, चार लोकांत नीट दिसावेत म्हणून.

बाई : आम्ही कारखान्याला विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलंय, वाचते. ‘सदर गृहस्थ आमच्या सेवेत नाहीत. जुन्या संबंधांमुळे अधूनमधून भेटीस येतात.’

मास्तर : भेटीस?

बाई : असंच लिहिलंय.

मास्तर : सही कुणाची आहे, साहेबांची?

बाई : त्यांचीच.

बायको : म्हणजे त्यांच्या लेखी हे कामावर नाहीत आणि तुमच्या लेखी बेकार नाहीत. मग यांनी राहायचं तरी कुठं, बाई?

बाई : नियम मी केला नाही, ताई. ‘हो’ लिहिलं की कागद पुढे सरकत नाही. आज दुरुस्तीची शेवटची तारीख आहे. दिलीत तर मागचे चार आठवडे मिळतील आणि पुढचे सहा महिने भत्ता चालू राहील. नाही दिलीत तर अर्ज बंद. मग पुन्हा करता येत नाही.

बायको : दुरुस्तीत काय लिहायचं?

बाई : मी सांगते तसं. ‘मी कारखान्यात गेलो, पण कोणतेही काम केले नाही. फक्त पाहत होतो.’ खाली सही. एवढंच.

बायको : लिहा हो.

मास्तर : ते खोटं आहे.

बायको : खोटं काय त्यात? बघतच होता ना?

मास्तर : बघणं हेच काम आहे. तू शिवतेस. उद्या कुणी म्हणालं, ही नुसती सुई वरखाली करते, तर?

बायको : म्हणू दे. त्यानं घर चालत असेल तर मी तसं लिहूनसुद्धा देईन. तीन महिने त्याच सुईवर चाललंय सगळं. बघण्यात तुमचा हात कोण धरणार, पण माझी बोटं काही दिसली नाहीत तुम्हाला.

मास्तर : दिसली. दिसली म्हणूनच तर जात होतो. वाटलं, सहीवाचून त्यांचं अडतंय, आज ना उद्या परत घेतील.

बायको : मग मला का नाही बोललात?

मास्तर : नसतं घेतलं, तर तुझा दुसऱ्यांदा हिरमोड झाला असता.

बाई : काका, मागचे लोक...

बायको : दोनच मिनिटं, बाई. अहो, घरभाडं झेपत नाही म्हणून पुढच्या महिन्यापासून माझा भाऊ त्याची वरची खोली देतोय. वहिनी म्हणाल्या, ‘आहोत ना आम्ही.’ त्यांचं ‘आहोत ना’ ऐकलं की घास उतरत नाही माझ्या घशाखाली. मला तिथं नाही जायचं. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मागितलं. आज एवढंच द्या.

मास्तर : बाई, ‘पगारी काम केले नाही’ असं चालेल?

बाई : नाही चालणार. फॉर्म पगाराचं विचारत नाही, कामाचं विचारतो.

मास्तर : एकतीस वर्षं मी दुसरं काहीच केलं नाही हो. खिडकीत उभं राहून बघितलं. हे लिहून दिलं, म्हणजे एकतीस वर्षं मी तिथं भेटीलाच जात होतो.

बायको : कळतंय मला. कुणाला नाही कळलं तरी मला कळतंय. तरी लिहा.

मास्तर : पेन द्या.

बाई : घ्या. सावकाश लिहा. ‘कोणतेही काम’... हां. ‘फक्त पाहत होतो.’ आता खाली सही.

मास्तर : इथे?

बाई : जरा आत घ्या. अगदी काठावर नको.

बायको : झालं ना, बाई?

बाई : झालं. दहा-बारा दिवसांत सुरू होईल. गुरुवारी मात्र तिकडे फिरकायचं नाही. फोनवरूनही काही सांगायचं नाही.

मास्तर : नाही सांगणार.

बाई : आता एकच रकाना राहिला. यावरूनच आम्ही तुमच्यासाठी नोकरी शोधतो. ‘अर्जदारास येत असलेले काम.’ काय लिहू?

बायको : सांगा ना, त्या विचारतायत.

मास्तर : काही नाही, असं लिहा.

बायको : असं काय बोलता? बाई, तुम्ही लिहा, कापडाचा रंग पारखतात. दोन निळ्यांतला फरक यांना लांबून कळतो.

मास्तर : नको. आत्ताच लिहून दिलंय मी.

बाई : हा रकाना रिकामा सोडता येत नाही, मास्तर.